बी.ए.च्या वर्गात आपण नेमकं काय द्यायचं? – लिबरल आर्ट्स आणि तालुक्याचं कॉलेज

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न इथे मांडतोय, कारण इथे बी.ए. झालेले, बी.ए. टाळलेले आणि पोरांना बी.ए.ला घालावं की नाही या विचारात पडलेले, सगळेच आहेत.

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, क्रेडिटची म्हणजे श्रेयांकांची बँक. एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोनानंतर पदविका, तिसऱ्याला पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. कागदावर आमचा इतिहासाचा मुलगा आता वाणिज्य, पर्यावरण, संख्याशास्त्र, काहीही जोडून घेऊ शकतो. याच मोकळ्या निवडीला खाजगी विद्यापीठांत लिबरल आर्ट्स म्हणतात आणि तिथे वर्षाची फी लाखांत असते.

प्रत्यक्षात ओपन इलेक्टिव्ह कुठला ठेवायचा, हे कोणत्या विषयाच्या प्राध्यापकांना तास कमी पडतायत त्यावर ठरतं. विज्ञान शाखाच नाही तिथे विज्ञानाचा पेपर आणणार कुठून? मुलं गाइड विकत घेतात, पाच प्रश्न पाठ करतात, पास होतात. वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत, एसटी कंडक्टरची मुलगी आहे, लग्न ठरेपर्यंत शिकायला पाठवलेल्या मुली आहेत.

माझा प्रश्न 'स्कोप'चा नाही. या मुलांच्या आयुष्यातली तीन-चार वर्षं आपण घेतो. त्या बदल्यात त्यांच्या हाती काय पडायला हवं? अनुभव सांगा. विरोध असेल तर तोही सांगा.

निशा_वाचक

वाचतेय. धाग्याची गरज होती.

अनिकेत०९

सर, मनापासून लिहितोय, राग मानू नका. स्कोपचा प्रश्न बाजूला ठेवायची मुभा ज्याच्या घरी दोन पगार येतात त्याला आहे. माझे दोन चुलतभाऊ बी.ए. झाले. आता पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहतात, दिवसभर अभ्यासिकेत असतात. एमपीएससी, मग तलाठी, मग पोलिस भरती, जी जाहिरात येईल ती. घरून पैसे येतात ते दुधाच्या बिलातून. त्यांना विचार करायला शिकवलं असतं तर छान झालं असतं, पण आधी हाताला काम हवं. आयटीआय केलेला आमच्या गावातला पोरगा आज चाकणला नोकरीला आहे आणि बहिणीची फी भरतोय.

पारिजात७

मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं, पुढे एम.ए. आज एका विमा कंपनीत दावे तपासते. मुलाखतीत विचारलं होतं, "तत्त्वज्ञानाचा इथे काय संबंध?" संबंध रोज येतो.

आमच्या बाईंनी पहिल्या वर्षी एकच शिस्त लावली. कुणाचं मत खोडायचं असेल तर आधी ते मत त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडायचं. समोरचा "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणाला की मगच पुढे बोलायचं. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष-उत्तरपक्ष ही रीतच होती, बाईंनी ती वर्गात जिवंत ठेवली. दाव्याची फाइल वाचताना मी तेच करते. आधी दावेदाराची बाजू पूर्ण लिहून काढते, मग कंपनीची. दोन्ही बाजू कागदावर आल्या की निम्म्या फायलींत भांडणच उरत नाही.

हे गाइडमधून येत नाही. कुणीतरी समोर बसून तुमचं वाक्य थांबवून "म्हणजे काय?" असं विचारावं लागतं. सरांनी विचारलंय काय द्यायचं, तर माझं उत्तर: हे थांबवणं द्या.

जुना_फर्ग्युसन

चर्चा चांगली सुरू आहे. थोडा मागचा संदर्भ देतो, वय झाल्याचा तेवढा फायदा.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. त्या काळी बी.ए. म्हणजे भाषा, इतिहास, तर्क आणि गणित यांची एकत्र तयारी. गोपाळ कृष्ण गोखले यांनी शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं, कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवलं आणि इतिहास-अर्थशास्त्रही. पुढे कायदेमंडळात अंदाजपत्रकावरची त्यांची भाषणं गाजली त्यामागे ही सगळी तालीम होती. आणि ही मंडळी आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं बंधन घेऊन उभी होती.

दामोदर कोसंबींचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा हा माणूस तक्षशिलेला सापडलेल्या आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या, जुन्या नाण्यांची वजनं घेतो, ती चलनात किती झिजली याचा संख्याशास्त्राने हिशेब मांडतो आणि त्यातून इतिहासाकडे वळतो. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढतो. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून दगडी हत्यारं गोळा करतो. कला की विज्ञान, या प्रश्नाला त्यांच्याकडे जागाच नव्हती. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी आपण मुलांच्या मध्ये जी भिंत घालतो ती पाडणं, हेच मला या शिक्षणाचं पहिलं काम वाटतं.

मांडवीकाठ

जुना_फर्ग्युसन काका, कोसंबी आमच्या गोव्यात जन्मले, हे राहिलं! :)

पणजीला त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, चार-पाच दिवस व्याख्यानं, कुणीही जाऊन बसावं. गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, कवी बाकीबाब बोरकरांच्या नावाचंही आहे. बाहेरचे अभ्यासक येऊन तिथे छोटे अभ्यासक्रम घेतात आणि ते सर्वसामान्यांनाही खुले असतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर अशा वर्गाला बसले. शेजारी एम.ए.ची मुलगी, पलीकडे निवृत्त बोटमास्तर. त्या बोटमास्तरांनी मांडवीच्या भरती-ओहोटीबद्दल जे सांगितलं ते ऐकून शिकवणारे प्राध्यापक स्वतः वही काढून बसले.

घाटमाथा

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. त्या वर्गांत बसत कोण होतं, हेही लिहायला हवं. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की सरकार शेतकऱ्यांकडून कर गोळा करतं आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च करतं. फर्ग्युसन निघण्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट.

पण त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याचीही यादी आहे, आणि ती आपण सगळ्यांनी वाचावी. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, थोडा इतिहास आणि भूगोल, शेतीची तोंडओळख, आरोग्य आणि नीतीचे धडे. अनिकेत म्हणतो आधी पोट, तर हिशेब आणि शेती त्यात आहे. पारिजातताई म्हणतात विचार, तर व्याकरण, इतिहास, नीतीही त्यात आहे. जोतीरावांनी शेतकऱ्याच्या पोराला दोन्हींचा हक्क मागितला. आपण दीडशे वर्षांनी दोन ढीग करून बसलोय, एक पैसेवाल्यांच्या पोरांचा आणि एक आपल्या पोरांचा.

बाबासाहेबांचं बघा. १९१३ ला कोलंबियात गेले. पदवी अर्थशास्त्राची, पण बसले समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांच्या वर्गांना. तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्युई यांचं ऋण ते शेवटपर्यंत मानत आले. आणि पुढे स्वतः संस्था काढली तेव्हा काय काढलं? १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, कला आणि विज्ञान महाविद्यालय. १९५० ला औरंगाबादेत जे काढलं, ज्याला आपण मिलिंद म्हणतो, तेही कला आणि विज्ञानाचं. ज्यांच्या घरात शिकलेला माणूस नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी हे निवडलं. गरिबाला फक्त हातकाम शिकवा, बाकीचं त्याला काय करायचंय, हे त्यांना मान्य नव्हतं. मलाही नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर.

निशा_वाचक

घाटमाथा, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

लाल_डबा

मी सीएचबीवर शिकवतो. म्हणजे तासिका तत्त्वावर. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालीय, पीएच.डी. झालीय. दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तास घेतो, मधला प्रवास एसटीने, म्हणून हे नाव. तासाचे पैसे मिळतात. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा या काळात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. आणि मिळतात तेही महिनोन् महिने उशिरा.

काकांनी ७५ रुपयांचा उल्लेख केला. ते बंधन त्या लोकांनी स्वतः होऊन घेतलं होतं, संस्था त्यांची होती, काय शिकवायचं हे ते ठरवत होते. आमच्यावर ते लादलेलं आहे आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची आहे. मुलाच्या वहीवर लाल शाईने दोन ओळी लिहायला वेळ लागतो. पारिजातताईंच्या बाईंनी जे केलं त्यासाठी तो वर्ग पुढच्या वर्षीही आपलाच असेल एवढी खात्री लागते. माझ्या वर्गात साठ मुलं, तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, आणि तो संपला की मी स्टँडकडे पळतो.

धोरण चांगलं की वाईट यावर कितीही बोला. जोवर जागा भरत नाहीत तोवर मेजर-मायनर हे वेळापत्रकातले रकाने आहेत. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हटलं, २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला.

सुलेखा_संस्कृत

लाल_डबा सर, तुमच्या मुद्द्याला जोडून. या धोरणात बहुशाखीय शिक्षण आपलंच कसं हे सांगताना बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथाचा आणि चौसष्ट कलांचा दाखला दिलाय. मी संस्कृत शिकवते, म्हणून मूळ प्रसंग सांगते. राजा तारापीड आपल्या मुलासाठी, चंद्रापीडासाठी, नगराबाहेर विद्यामंदिर बांधतो आणि प्रत्येक विद्येचे आचार्य गोळा करून तिथे ठेवतो. राजपुत्र सोळाव्या वर्षापर्यंत तिथेच राहून व्याकरणापासून शस्त्रविद्येपर्यंत सगळं शिकतो. बाणाने त्या विद्यांची यादी दिली आहे, ती वाचताना दम लागतो.

एका राजपुत्रासाठी सगळे आचार्य. दाखला द्यायचा तर तोही पूर्ण द्यावा. इतके विषय मांडण्याआधी राजाने शिक्षक नेमले होते.

घाटमाथा

सुलेखाताई __/\__

स्नेहल_सिंगापूर

मी सिंगापूरला राहते. इथलं एक उदाहरण सांगते, कारण पैसा भरपूर असला तरी काय होऊ शकतं हे त्यातून दिसतं. येल विद्यापीठ आणि इथलं राष्ट्रीय विद्यापीठ यांनी मिळून २०११ मध्ये येल-एनयूएस कॉलेज काढलं, २०१३ ला पहिली तुकडी आली. लहान वर्ग, सगळ्यांना सामायिक अभ्यासक्रम, त्यात पूर्वेचं आणि पश्चिमेचं तत्त्वज्ञान-साहित्य शेजारी शेजारी, विज्ञानाचा भागही सक्तीचा. माझ्या मैत्रिणीचा मुलगा तिथे होता. सुट्टीत घरी आला की आईशी रामायणावरून वाद घालायचा आणि ती बिचारी जुनी पोथी काढून उत्तर शोधत बसायची. दोघांचंही शिक्षण चाललं होतं.

२०२१ मध्ये अचानक जाहीर झालं की नवे प्रवेश बंद, कॉलेज विद्यापीठाच्या दुसऱ्या कार्यक्रमात विलीन. २०२५ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. मुलांनी सह्या गोळा केल्या, खूप विरोध केला, उपयोग झाला नाही. इमारत उत्तम, शिक्षक उत्तम, मुलं हुशार. पण ते ठेवायचं की नाही हे ठरवणारे वर्गाबाहेर होते. म्हणून मला वाटतं, ज्या गावात असं शिक्षण आहे त्या गावाला ते आपलं वाटलं पाहिजे. बंद करायला कुणी आलं तर लोक रस्त्यावर यायला हवेत. रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज बंद करून दाखवा म्हणावं साताऱ्यात!

कृष्णाकाठ

स्नेहलताई, अगदी बरोबर. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या त्या संस्थेसाठी लोकांनी जमिनी दिल्या, धान्य दिलं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले ते वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी. आमच्या प्राचार्यांपैकी कित्येक कमवा आणि शिका योजनेत खडी फोडून, झाडं लावून शिकलेले. अनिकेत, भाऊराव पाटलांनी काम आणि पुस्तक वेगळं केलं नव्हतं, हे तुमच्या मुद्द्याचंही उत्तर आहे.

अनिकेत०९

सर, माझा मुद्दा अजून तोच आहे, फक्त नीट मांडतो. भाऊरावांच्या काळात पदवीधराला नोकरी होती. आज नाही. मग पदवीच्या तीन वर्षांत असं काहीतरी द्या जे चौथ्या वर्षी कुणी विकत घेईल. पारिजातताई फायली तपासतात, म्हणजे वाचणं आणि लिहिणं यालाही बाजारात किंमत आहे. आमच्या कंपनीत मी नव्या पोरांच्या मुलाखती घेतो. इंजिनिअर असतात, पण ग्राहकाला अडचण समजावणारा एक परिच्छेद लिहिता येत नाही, ना इंग्रजीत ना मराठीत. बी.ए.च्या मुलाला तो येत असेल तर मी त्याला घ्यायला तयार आहे. पण येतो का? पाच प्रश्न पाठ करून येणार नाही.

पारिजात७

अनिकेत, म्हणजे आपण एकाच जागी आलो.

आईची_काळजी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गुण चांगले आहेत, आणि तिला इतिहास घ्यायचाय. सासरची मंडळी म्हणतात वेडेपणा आहे. आम्ही लाखांची फी भरू शकत नाही. काय बघून कॉलेज निवडावं?

जुना_फर्ग्युसन

ताई, तिला अडवू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा ग्रंथालयात जा आणि इतिहासाच्या पुस्तकांवरचे देवघेवीचे शिक्के बघा. शेवटचा शिक्का किती जुना आहे त्यावरून सगळं कळतं.

लाल_डबा

आणि विभागात कायम प्राध्यापक किती आहेत ते विचारा. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. गेल्या वर्षीच्या मुलीला भेटा आणि तिची तपासलेली असाइनमेंट मागा. नुसती टिकमार्क आहे की काही लिहिलंय ते पाहा.

सुलेखा_संस्कृत

अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी आजही झेपण्यासारखी असते. शिवाय २०२२ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. इतिहास कॉलेजात, आणि दुसरं काही मुक्त विद्यापीठातून, असं जमू शकतं. इतिहास घेतला तर मोडी आणि फारसी जरूर शिकू द्या. मोडी कागदपत्रांचे दप्तरखाने भरलेत आणि वाचणारी माणसं कमी आहेत.

आईची_काळजी

मोडीचं तिला कालच सांगितलं, डोळे चमकले. सर्वांचे आभार.

रानवाट

सगळं ठीक, पण एआयचं काय? माझा भाचा निबंध, प्रकल्प, सगळं फोनवरून काढतो. मग लिहायला शिकवायचं कुणाला?

पारिजात७

रानवाट, गाइड आणि ते यंत्र यात मुलाच्या दृष्टीने फरक नाही, दोन्हीत उत्तर आयतं आहे. समोर बसवून तोंडी विचारलं की दोन मिनिटांत कळतं. "हे वाक्य तू का लिहिलंस?" एवढं पुरतं. पण परत तेच, विचारणारा माणूस हवा. त्यापेक्षा ज्याचं उत्तर फोनला ठाऊकच नाही असा विषय द्यावा. आपल्या आजीचं लग्न कसं ठरलं, गावातली विहीर कुणी खोदली, तिथे पाणी कोण भरायचं आणि कोणाला मज्जाव होता.

मांडवीकाठ

बोटमास्तरांना वर्गात बोलवा म्हणजे झालं! खरंच सांगते. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ ला, ती अजून चालते. तिथे हजेरी नाही, क्रेडिट नाही. लोक दिवसाचं काम आटोपून येतात, ऐकतात, वाद घालत घरी जातात. कॉलेजच्या भिंतीबाहेरही आपल्याकडे हे शिक्षण होतंच.

कृष्णाकाठ

मंडळी, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मूळ प्रश्नाकडे येतो. काय करायचं ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

धोरणाने दिलेल्या चौकटीतच जागा शोधतोय. फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. आजवर मुलं नेटवरून उतरवून फाइल आणायची. यंदा माझ्या वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीचं एका वर्षाचं अंदाजपत्रक आणायचं आणि वाचायचं. पाणीपट्टी किती जमली, वित्त आयोगाचा पैसा कशावर गेला, ग्रामसभेच्या इतिवृत्तात कुणाची नावं आहेत आणि कुणाची कधीच नसतात. वाणिज्यच्या मॅडम जमाखर्च वाचायला शिकवायला तयार झाल्यात. राज्यशास्त्र आणि हिशेब एका टेबलावर येतील. मग मुलांनी मराठीत दोन पानं हाताने लिहायची आणि वर्गात उभं राहून सांगायची. ज्याला विरोध करायचा त्याने पारिजातताईंच्या बाईंचा नियम पाळायचा.

कंडक्टरची मुलगी म्हणून जिचा उल्लेख केला, तिने लगेच विचारलं, "सर, ग्रामसेवकांनी कागद दिले नाहीत तर?" म्हटलं, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते पहिल्या तासाला शिकू. ते माझ्या विषयातलंच आहे आणि अनिकेतच्या परिच्छेदाचा सरावही होईल. नोकरी मिळेल का, हे मी तिला छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गावातल्या पैशाचा कागद तिला वाचता यावा आणि त्यावर प्रश्न विचारता यावा, हे देणं माझ्या हातात आहे आणि ते मी देणार.

अडचण अशी की आकडेवारी कशी वाचायची, टक्केवारी फसवते कशी, हे शिकवणारं आमच्याकडे कुणी नाही.

घाटमाथा

सर, आमच्या गावच्या पंचायतीचा कागद मी पाठवतो. मुलांना नमुना म्हणून होईल. खाजगी संदेशात पत्ता द्या.

अनिकेत०९

आकडेवारीचा एक तास मी ऑनलाइन घेऊ शकतो, शनिवारी. मराठीतून. तक्ते तुमच्याच गावांचे वापरू.

लाल_डबा

सर, माझं पीएच.डी.चं काम सर्वेक्षणाचंच होतं. तुमचा तालुका माझ्या रस्त्यावर असेल तर मी प्रत्यक्ष येईन, दोन तास घेईन. पैसे नकोत.

कृष्णाकाठ

अनिकेत, शनिवार पक्का. मुलांकडे फोन आहेत, रेंज ग्रंथालयात येते, तिथेच बसवतो.

लाल_डबा सर, जरूर या. पण फुकट नाही. पाहुण्या व्याख्यात्याच्या मानधनाचं प्राचार्यांशी उद्या बोलतो आणि मंजूर झालं की फोन करतो. एसटीचं तिकीटही जपून ठेवा, प्रवासखर्चाच्या बिलाला जोडावं लागेल.